पोर्ट मारण्याआधी: तुमच्या गावची रेंज तुमच्या फोनला पकडता येते का?

"ताई, कुठल्या कंपनीची रेंज चांगली?" असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. फोन कुठला वापरता? आणि राहता कुठं? या दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय मी कुणालाही कंपनी सुचवत नाही.

साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, दुरुस्ती, नवीन कार्ड, पोर्टिंग, सगळं करते. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलणारे वाढले. त्यातले काही जण थोड्या दिवसांनी कार्ड घेऊन परत येतात, "कार्ड खराब आहे, रेंजच धरत नाही." बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं आणि गावातला टॉवरही चालू असतो. पण तो टॉवर ज्या बँडवर चालतो, तो बँडच त्या फोनमध्ये नसतो. एकदा पोर्ट झालं की पुढचे ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही. तीन महिने घरातला माणूस रस्त्यावर जाऊन बोलतो, पोरांचा अभ्यास अडतो, दवाखान्याचा फोन लागत नाही. हे सगळं आधी अर्धा तास घालवला तर टळतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

बँड म्हणजे नेमकं काय

मोबाईल कंपन्या रेडिओ लहरींवर चालतात. कुणी कुठल्या लहरी वापरायच्या हे सरकारच्या लिलावात ठरतं. त्या लहरींचे पट्टे पाडलेले आहेत, त्यांना बँड म्हणतात, आणि प्रत्येक बँडला जगभर एकच क्रमांक आहे. सांगली आकाशवाणीचं मीडियम वेव्हचं प्रक्षेपण मोबाईलमधल्या एफएमवर शोधलं, अगदी केंद्राच्या दारात उभं राहून शोधलं, तरी लागणार नाही. प्रक्षेपण जोरात चालू असतं, पण तो पट्टा ऐकायची सोयच त्या रेडिओत नसते. मोबाईलचं अगदी तसंच आहे.

मोबाईल सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे वेगळं सर्कल आहे. ते पुढे पोर्टिंगच्या वेळी कामाला येईल. आता कंपन्यांचे बँड बघू. हा भाग वहीत लिहून घेतलात तरी चालेल.

जिओचं ४जी बँड ५ (८५० मेगाहर्ट्झ), बँड ३ (१८००) आणि बँड ४० (२३००) या तिन्हींवर चालतं. ५जी एन २८ (७००) आणि एन ७८ (३३०० च्या वर) यांवर; ५जीच्या बँडच्या आकड्याआधी 'एन' लावतात. जिओला २जी आणि ३जी मुळातच नाही.

एअरटेलचं ४जी बँड ३, बँड १ (२१००) आणि बँड ४० वर आहे. लांब पल्ल्यासाठी बँड ८ (९००), काही सर्कलमध्ये बँड ५. ५जी एन ७८ वर. ३जी त्यांनी २०२० मध्ये बंद केलं, २जी अजून चालू आहे.

व्हीआयचं ४जी बँड १, ३, ८ आणि ४१ (२५००) वर. २जी चालू आहे. ५जीची सुरुवात त्यांनी मार्च २०२५ मध्ये मुंबईतून केली.

बीएसएनएलचं नवं ४जी बँड २८ (७००) आणि बँड १ वर आहे. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी मिळून उभं केलेलं हे देशी तंत्रज्ञान. २७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी त्याचं देशभरासाठी उद्घाटन केलं. जुनं २जीही आहे.

म्हणजे ज्या फोनमध्ये ४जीचे १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ हे सात बँड आहेत, तो आपल्याकडे कुठल्याही कंपनीला चालतो. नवा फोन घेताना मी गिऱ्हाईकाला हेच सात आकडे कागदावर लिहून देते. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळे विचारतात. हे आकडे कुणी विचारत नाही, आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही.

आकडा लहान, पल्ला लांब

सगळे बँड सारखे नसतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर, २३०० ची १३ सेंटिमीटर, आणि ५जीच्या एन ७८ ची जेमतेम ९ सेंटिमीटर. लांब लहर लांबवर जाते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते आणि टेकडीच्या कडेवरून थोडी वळून पलीकडेही उतरते. आखूड लहर जास्त डेटा वाहून नेते, पण भिंत आली की दमते.

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा राजवाड्याजवळ राहणाऱ्याला याचं फारसं काही नाही. टॉवर जवळजवळ आहेत, कुठला ना कुठला बँड मिळतोच. पण सज्जनगडाखालचं परळी खोरं, यवतेश्वरचा घाट चढून कासकडं, तिथून खाली बामणोली, किंवा शिवसागराच्या पलीकडे तापोळा, इथं डोंगर आडवा येतो. टॉवर सरळ रेषेत दिसतच नाही. अशा ठिकाणी ७००, ८५०, ९०० हे खालचे बँडच खरे उपयोगाचे. माण-खटावकडची गोष्ट वेगळी आहे. तिथं रान मोकळं असतं, डोंगर आडवा नसतो, पण दोन टॉवरमधलं अंतर जास्त पडतं. तिथंही शेवटी खालचा बँडच कामाला येतो.

माझं माहेर परळी खोऱ्यातलं. घर जुनं, भिंती दगड-मातीच्या आणि हातभर रुंद. मागच्या दिवाळीत मी माझा फोन आणि भावाचा फोन, दोन्हींत एकाच कंपनीचं कार्ड, शेजारी शेजारी ठेवून बघितले. ओट्यावर दोघांनाही बँड ३ मिळत होता, रेंज वजा ९२ (सिग्नलच्या ताकदीचा आकडा; वजापुढचा आकडा जितका लहान, तितकी रेंज चांगली). तेच फोन माजघरात नेले, दार लोटलं. माझा फोन काही सेकंद घुटमळला आणि बँड ८ वर उतरून वजा १०३ वर स्थिरावला; व्हिडिओ कॉल चालू राहिला. भावाच्या फोनमध्ये बँड ८ नाही. तो बँड ३ लाच चिकटून वजा ११६ वर गेला, आवाज तुटायला लागला आणि कॉल पडला. घर, कार्ड, टॉवर, सगळं तेच होतं. फरक होता तो फोनमधल्या एका बँडचा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दांड्या दिसतात त्या टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलच्या. पण तुमच्या फोनला उलट टॉवरपर्यंत पोचावं लागतं, आणि ४जी फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास असते. म्हणून "मला त्यांचा आवाज येतो, त्यांना माझा येत नाही" ही तक्रार नेहमी गावाच्या कडेच्या घरांतून येते. ९०० मेगाहर्ट्झवरचा २जी फोन मात्र २ वॅटपर्यंत जोर लावू शकतो. डोंगरात बटणाच्या फोनवर बोलणं होतं आणि महागड्या स्मार्टफोनवर होत नाही, ते यामुळं. आजीचा बटणाचा फोन उगाच हट्टानं बदलू नका.

तुमच्या फोनमध्ये कुठले बँड आहेत ते शोधा

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथं बाजारातलं नाव असतं, त्याखाली मॉडेल नंबर असतो. आपल्याला मॉडेल नंबर हवा. एकाच नावाचा फोन भारतात, युरोपात आणि चीनमध्ये वेगवेगळ्या बँडांसह विकला जातो. नाव सारखं, मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वेगळी. तो नंबर कंपनीच्या भारतातल्या वेबसाईटवर टाका आणि 'नेटवर्क' किंवा 'कनेक्टिव्हिटी' या भागात बघा. तिथं २जी, ३जी, ४जी एफडीडी, ४जी टीडीडी आणि ५जी अशा वेगवेगळ्या ओळी असतात. ४० आणि ४१ हे टीडीडीच्या ओळीत सापडतील, बाकीचे एफडीडीच्या. बऱ्याच खोक्यांवर बँड छापलेले नसतात, त्यामुळं खोक्यावर विसंबू नका.

इथं दोन जागी लोक फसतात. पहिली जागा बँड २८ ची. भारतासाठी बनवलेल्या अनेक स्वस्त ४जी फोनमध्ये हा बँड दिलेलाच नाही, कारण तेव्हा इथं ७०० मेगाहर्ट्झवर कुणाचं ४जी नव्हतं. असा फोन बीएसएनएलच्या बँड १ वर चालेल, पण जिथं लांबून फक्त ७०० पोचतो तिथं तो कोराच राहणार. आणि ५जीच्या ओळीत एन २८ लिहिलेलं असलं म्हणजे ४जीच्या ओळीत बँड २८ असेलच असं नाही. दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचा.

दुसरी जागा बाहेरून आलेल्या फोनची. आमच्याकडं आखातात आणि अमेरिकेत असलेली पोरं घरच्यांना फोन पाठवतात. अमेरिकेतला आयफोन १४ आणि त्यापुढचे यांना कार्ड घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं डिजिटल सिम, चालतं. तेव्हा नवी कंपनी ई-सिम देते का आणि ते गावातल्या दुकानातून चालू करून मिळेल का, हे आधी विचारा. शिवाय तिकडं हप्त्यावर घेतलेले फोन एका कंपनीला बांधलेले असू शकतात. आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, अबाउट इथं 'कॅरियर लॉक' ही ओळ असते; तिथं 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं दिसलं तरच तो मोकळा आहे. भारतात विकले जाणारे स्मार्टफोन सहसा बांधलेले नसतात. जिओभारतसारखे फोन मात्र जिओपुरतेच असतात. कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागेल, हा खर्च आधीच धरा.

जुना फोन विकत घेत असाल तर एक मिनिट आणखी द्या. *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसेल. मग इंग्रजीत 'केवायएम', एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, आणि १४४२२ वर पाठवा. उत्तरात तो नंबर काळ्या यादीत आहे किंवा आधीच दुसरीकडं वापरात आहे असं आलं तर तो फोन घेऊ नका. स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलात तर उद्या ब्लॉक होईल आणि पैसेही जातील.

रेंज आहे, नेट आहे, पण कॉल लागत नाही

हा प्रकार वेगळा आहे आणि यात सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. ४जीवरून बोलायला फोनमध्ये व्होल्टीची सोय लागते. नसेल तर बोलण्यासाठी फोन खाली २जी किंवा ३जीवर उतरतो. एअरटेल आणि व्हीआयवर तो २जीवर उतरतो आणि काम भागतं. जिओवर उतरायला खाली काहीच नाही. त्यामुळं बँड जुळले, व्हॉट्सअॅप पळतंय, पण साधा कॉल लागत नाही, असं होतं. सुरुवातीच्या काळातले ४जी फोन आणि बाहेरच्या देशातून आणलेले काही फोन यात हमखास अडकतात, कारण व्होल्टी फोन बनवणाऱ्यानं आणि कंपनीनं मिळून चालू करून द्यावं लागतं.

तपासायचं कसं? नव्या कंपनीचं कार्ड टाका, सेटिंगमध्ये सिम कार्डच्या भागात व्होल्टीचं बटण दिसतं का बघा, ते चालू करा, आणि कॉल लावून वरच्या पट्टीकडं लक्ष ठेवा. कॉल चालू असताना ४जीचं चिन्ह तसंच राहिलं तर व्होल्टी चालतंय. ते जाऊन 'ई' किंवा 'जी' आलं तर फोन खाली उतरला.

नुसता २जीचा बटणाचा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी हिशोब सरळ आहे: जिओचं कार्ड त्यात चालणार नाही. दर बघून मुलं पोर्ट करून टाकतात आणि आजीचा फोन मुका होतो. तो फोनच त्यांचा दवाखान्याशी, बँकेशी आणि मुंबईतल्या मुलाशी असलेला एकमेव धागा असतो. आधी त्यांचा फोन बघा, मग प्लॅन बघा.

घरात फायबरचं वाय-फाय असेल आणि भिंतीमुळं आत रेंज येत नसेल, तर कंपनी बदलायच्या आधी वाय-फाय कॉलिंग चालू करून बघा. सिमच्या सेटिंगमध्येच असतं. कितीतरी जणांचं पोर्टिंग माझ्या दुकानात तिथंच थांबलं आहे. बाजारात मिळणारं सिग्नल बूस्टर मात्र घरावर लावू नका. परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, आणि त्याच्यामुळं शेजारच्या पाच घरांची रेंज बिघडते.

५जीचं थोडक्यात सांगते. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलचं बहुतांश ५जी ४जीच्या आधारानं चालतं, त्याला एनएसए. फोनमध्ये एन ७८ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, एसए आणि एनएसए दोन्ही आहेत का ते बघा. जुन्या ५जी फोनला अपडेटही लागतं. भारतात आयफोनवर ५जी सुरू झालं ते डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर. खेड्यात राहणाऱ्यानं केवळ ५जीसाठी कंपनी बदलावी असं मला वाटत नाही. आधी ४जी घरात शिरतंय का ते बघावं.

आधी कार्ड घेऊन राहून बघा

नकाशे बघा, जरूर बघा. कंपन्यांनी आपापल्या वेबसाईटवर रेंजचे नकाशे द्यावेत हा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. पण नकाशाला तुमच्या माजघराची भिंत माहीत नसते, आणि तुमचा फोनही माहीत नसतो. खात्रीचा मार्ग एकच: ज्या कंपनीत जायचंय तिचं स्वस्तातलं नवं प्रीपेड कार्ड घ्या, २८ दिवसांचा लहानात लहान प्लॅन मारा, आणि तुमच्याच फोनमध्ये घालून वापरा. शेजाऱ्याच्या फोनवर बघितलेलं तुमच्या उपयोगाचं नाही.

कार्ड कुठल्या खाचेत घालता यालाही महत्त्व आहे. जुन्या दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेला ४जी मिळत नाही, तिथं घालून बघितलंत तर चांगल्या कंपनीला उगाच नावं ठेवाल. पहिल्या खाचेत घाला आणि डेटाही त्याच कार्डावर ठेवा.

मग आकडे बघा. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनमध्ये फोनची माहिती उघडते. सॅमसंगला *#००११#, आयफोनला *३००१#१२३४५#* आणि कॉलचं बटण. काही कंपन्यांनी हे कोड बंद केलेत. तिथं 'नेटमॉन्स्टर'सारखं फुकट अॅप चालतं, ते बँडही दाखवतं. आरएसआरपी नावाचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा शोधा. तो वजात असतो, त्यामुळं ८५ हा ११० पेक्षा चांगला. वजा ८५ पर्यंत उत्तम. वजा १०५ पर्यंत काम चालतं. वजा ११० च्या पुढं त्रास सुरू होतो, आणि १२० ला कॉल टिकत नाही. दांड्या बघून ठरवू नका. तीन दांड्या म्हणजे किती, हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मर्जीनं ठरवतो.

हा आकडा आणि बँड कुठं कुठं बघायचा? जिथं तुम्ही खरोखर फोन वापरता तिथं. स्वयंपाकघरात, रात्री उशाशी, गोठ्यात, विहिरीवरच्या मोटरपाशी. पत्र्याच्या शेडमध्ये जरूर बघा, कारण पत्रा रेंज अडवतो. रोज साताऱ्याला कामाला येत असाल तर एसटीच्या वाटेवरही बघा. दुपारी बघितलंत तसं रात्री आठ ते दहामध्येही बघा. त्या वेळी सगळं गाव मोबाईलवर असतं आणि आकडा चांगला असूनही नेट रांगतं. तसं झालं तर दोष तुमच्या फोनचा नाही, त्या टॉवरवर गर्दी आहे, आणि फोन बदलूनही ते सुटणार नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लाईट गेल्यावर बघा. टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरतो हे कुठल्याच नकाशात लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की काही टॉवर थोड्या वेळात बसतात, काही रात्रभर चालतात. गावातल्या चार घरी विचारा, दूध संकलन केंद्रावर विचारा. त्यांना पक्कं माहीत असतं. रात्री-अपरात्री माणूस आजारी पडला, साप चावला, तर १०८ ला फोन लागायला हवा. त्या वेळी चालू राहणारा टॉवर ज्या कंपनीचा, ती कंपनी दहा-वीस रुपये महाग असली तरी मी तीच घ्या म्हणेन.

आता पोर्ट

सगळं पटलं की मगच संदेश पाठवा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर, आणि १९०० वर पाठवा. एसएमएसचा पॅक नसला तरी हा संदेश जायला हवा. तसा ट्रायचा २०२१ चा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षरांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, येतो. आपल्याकडं तो ४ दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं.

कोड न येण्याची कारणं ठरलेली आहेत. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील. पोस्टपेडचं बिल बाकी असेल. किंवा हरवलेलं, खराब झालेलं कार्ड बदलून ७ दिवस झाले नसतील. १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे, फसवणूक टाळण्यासाठी आणलेला. शेवटचं कारण मी वारंवार बघते. लोक आधी जुन्याच कंपनीचं कार्ड बदलून बघतात आणि दुसऱ्या दिवशी पोर्टला येतात.

नंबर ज्याच्या नावावर, त्यानंच पोर्टसाठी यायचं असतं. गावातल्या आईचा नंबर मुंबईतल्या मुलाच्या नावावर असतो, हे आमच्याकडं घरोघरी आहे. मुलगा गणपतीला किंवा यात्रेला घरी येईल तेव्हाच हे काम उरका. नंबर मुंबई सर्कलचा असला तरी हरकत नाही. ३ जुलै २०१५ पासून देशभर कुठंही पोर्ट करता येतं. एकाच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस लागतात, मुंबईचा नंबर इकडं आणायला ५. मन बदललं तर पोर्टचा अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत 'कॅन्सल' आणि नंबर १९०० वर पाठवता येतो.

जुन्या कार्डावरची शिल्लक आणि उरलेला प्लॅन पुढं येत नाही, तो संपत आल्यावरच पोर्ट करा. ज्या रात्री नंबर बदलतो तेव्हा काही तास फोन बंद पडतो, म्हणून घरात दुसरा चालू नंबर ठेवा. जुनं कार्ड पूर्ण बंद झालं की नवं घाला आणि फोन एकदा बंद करून चालू करा. नेटवर्क मोड 'ऑटो'वर ठेवा, व्होल्टीचं बटण पुन्हा तपासा. नेट येत नसेल तर एपीएन, म्हणजे नेटसाठीची कंपनीची सेटिंग, 'रीसेट' करा. जुन्या कंपनीचं एपीएन राहून गेलेलं असतं.

व्हॉट्सअॅपला सहसा काही करावं लागत नाही, नंबर तोच आहे. यूपीआय मात्र कार्डाशी बांधलेलं असतं. फोनपे असो, गुगल पे असो की बँकेचं अॅप, ते नव्या कार्डावरून एक संदेश पाठवून पुन्हा खात्री करायला सांगतं. नव्या प्लॅनमध्ये एसएमएस नसेल तर तिथं अडकाल. म्हणून पहिला रिचार्ज एसएमएस असलेलाच मारा, आणि बाजाराच्या दिवशी किंवा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी पोर्ट ठेवू नका.